किन्हीराजा फाट्यावरचं जहाज

वाशीम जिल्ह्यात बसून समुद्रातल्या जहाजांवरच्या निर्बंधांचं काम करणारी बहुधा मी एकटीच असेन. खात्री करायची सोय नाही. कुणाला विचारावं तर आधी निर्बंध म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं, मग त्यात जहाज कुठून आलं ते सांगावं लागतं, आणि तोवर समोरच्याचा चहा संपून तो चपला शोधायला लागलेला असतो.

मी पूर्वी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायचे. पुढे तासिका बंद झाल्या आणि मी घरबसल्या भाषांतरं घ्यायला लागले. पुसद नाक्याजवळच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप आणि दुसऱ्या टोकाला लोणच्याची बरणी, असं माझं ऑफिस. फवारणीच्या औषधांची माहितीपत्रकं, विमा कंपन्यांची बारीक अक्षरं, शिलाई मशीन कसं चालवावं, असलं काय काय मी मराठीत आणलंय. त्यातच दिल्लीच्या एका संस्थेकडून हे काम आलं.

प्रकरण असं होतं. एका श्रीमंत देशानं समुद्रकाठच्या एका छोट्या देशाला अनुदान दिलं होतं. या छोट्या देशाचा जुना धंदा म्हणजे आपला झेंडा भाड्यानं देणं. जहाज कुणाचंही असो, फी भरली की त्यावर त्या देशाचा झेंडा चढतो आणि कागदोपत्री ते जहाज त्या देशाचं होतं. आता काही देशांचं तेल कोणी घ्यायचं नाही असे निर्बंध बड्या देशांनी घातलेले आहेत. तरी ते तेल चोरून नेणारी जुनी, खिळखिळी जहाजं असतातच, आणि ती असेच भाड्याचे झेंडे लावून फिरतात. तेव्हा छोट्या देशानं आपल्या झेंड्याखाली काय चाललंय ते जरा डोळे उघडून पाहावं, लबाड जहाजं हुडकावीत, अडवावीत आणि त्यांचा झेंडा काढून घ्यावा, यासाठी ते अनुदान. त्यातून बंदरावरच्या लोकांचं प्रशिक्षण होणार होतं, संगणक येणार होते, आकाशातून काढलेले फोटो विकत घेतले जाणार होते, वकील लागणार होते. आणि असल्या जहाजांवरचे खलाशी बरेचसे आपल्याकडचे, म्हणून त्यांच्यासाठी हिंदी-मराठी पुस्तिका, आणि ते काम दिल्लीच्या संस्थेकडे. त्या पुस्तिकांपुरती त्या सगळ्या पसाऱ्यात मी.

माझ्या मोठ्या बहिणीचा एकुलता एक पोरगा तेव्हा जहाजावर होता. काम माझ्याकडे यायच्या आधीच तो गेलेला. एकबुर्जी धरणापेक्षा मोठं पाणी त्यानं पाहिलं नव्हतं. मुंबईकडे कसलासा कोर्स केला, एका एजंटानं हात धरला आणि पोरगा विमानात बसून परदेशातल्या कुठल्याशा बंदरावर गेला. माझी बहीण किन्हीराजाला असते. तिला मी ताई म्हणते. अख्ख्या गावातून जहाजावर गेलेला हा पहिलाच, त्यामुळे ताईचे पाय काही दिवस जमिनीला लागत नव्हते. दळण दळायला गेली तरी गिरणीवाल्याला समुद्राची खबर देऊन यायची.

पुस्तिकेचं पहिलंच प्रकरण होतं, जहाज संशयास्पद आहे हे कसं ओळखावं. मी एकेक खूण मराठीत उतरवत होते. जहाजाचं नाव वारंवार बदललं जातं. झेंडा बदलला जातो. आपण कुठे आहोत हे कळू नये म्हणून यंत्रं बंद ठेवली जातात, खलाशांना फोन वापरू देत नाहीत. तेल बंदरात न उतरवता भर समुद्रात एका जहाजातून दुसऱ्या जहाजात घेतलं जातं. विम्याचे कागद खोटे असतात. खलाशांचे पासपोर्ट काढून घेतले जातात. काम मजेचं होतं. लबाडीच्या नाना तऱ्हा वाचायला कुणाला आवडत नाही?

मजा एका दुपारी संपली. ताईचा फोन आला, इकडचं तिकडचं झालं, आणि ती म्हणाली, “अव, त्याच्या जहाजाचं नाव बदललं म्हने.”

“काय?”

“नवं नाव ठेवलं. मी म्हटलं, बारसं केलं का बापा जहाजाचं? तं हसला. त्यालेच रंगवाले लावलं म्हने, दोराले लटकून. मले त भेवच लागला आयकून.”

माझ्या समोर पडद्यावर पहिली खूण उघडीच होती. मी म्हटलं, ताई, बाकी काय म्हणतो तो? ती म्हणाली, बाकी काय म्हणनार, फोनच कुठं लागते. कप्तान आठ-आठ दिवस फोन बंद ठेवाले लावते. मग ती मिरच्यांच्या भावाकडे वळली. मी हूं हूं करत राहिले.

त्यानंतर ते काम मी कसं केलं ते मलाच माहीत. एकेक वाक्य मराठीत यायचं आणि मागोमाग ताईचा फोन यायचा, जणू त्या वाक्याचं उदाहरण द्यायला. झेंडा बदलला म्हने. समुद्रातच दुसऱ्या जहाजाले तेल देल्लं म्हने, पोट्ट्याचे हात सोलून निघाले. ताईला यातलं काही वावगं वाटत नव्हतं. जहाजावर असंच असतं, असं तिनं धरलं होतं, आणि नसतं असं सांगायला तिच्या ओळखीत मीच होते. मी सांगितलं नाही. सांगून काय करणार होती ती? किन्हीराजाहून उठून समुद्रात जाणार होती?

माझा नवरा म्हणायचा, उगाच जीव टांगून घेऊ नकोस, सगळी जहाजं काय चोर नसतात. हे तो लोणच्याची फोड तोंडात टाकून म्हणायचा, त्यामुळे मला आणखीच राग यायचा.

आणि मग पोरानं मला स्वतः फोन केला. भर दुपारी, अनोळखी नंबरावरून. आवाज फाटत होता.

“मावशी, मायले सांगू नको. मले घरी यायचं हाय.”

“मग ये ना रे.”

“कसा येऊ? पासपोर्ट कप्तानापाशी हाय. मागतला तं देऊन नाई राह्यला. म्हनते पुढच्या बंदरात. आमी बंदरात जातच नाई, मावशी. समुद्रातच घेतो, समुद्रातच देतो. इंजिन धूर सोडून राह्यलं. जीव वाचवाची जी बोट असते ना, तिचं इंजिनच नाई. काढून नेलं कोनतरी.”

मी त्याला विचारलं, झेंडा कोणता आहे सध्या? त्यानं सांगितला. तोच छोटा देश. ज्याला मिळालेल्या अनुदानातून माझ्या टेबलावर लॅपटॉप चालत होता, तोच.

फोन कटला. मी टेबलावरच्या बरणीचं झाकण उगीचच घट्ट करत बसले.

दिल्लीच्या संस्थेत आमच्या कामाची एक समन्वयिका होती. माझ्या लेकीच्या वयाची, हुशार, कायम घाईत. ती मला मॅम म्हणायची. ती हिंदी-इंग्रजीत बोलायची, मी इथे ते मराठीतच लिहिते आहे, सवयीचा परिणाम. पुढच्या ऑनलाइन बैठकीत मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की जहाज अडवलं तर त्यावरच्या पोरांना घरी आणायचा खर्च कोण करतं? मी अनुदानाचा सगळा अर्ज वाचला होता, कारण त्याचा मराठी सारांश मीच केला होता. प्रशिक्षणार्थींच्या जेवणाचीसुद्धा तरतूद त्यात होती. खलाशांच्या परतीची नव्हती.

“चांगला मुद्दा आहे, मॅम,” ती म्हणाली. “तो पुढच्या टप्प्यात घेतलाय.”

“पुढचा टप्पा कधी?”

“पहिल्या टप्प्याचं यश दाखवलं की.”

यश म्हणजे काय, तेही अर्जात होतं. अडवलेली जहाजं.

त्याच दिवसांत मी पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण केलं. त्यात खलाशांना धीर देणारं एक वाक्य होतं. मी ते असं केलं: तपासात सहकार्य करणारा खलाशी हा आरोपी नसून साक्षीदार आहे. वाक्य छान उतरलं. समन्वयिकेला विचारलं, हे खरं आहे का? कुठल्या कायद्यात आहे? ती म्हणाली, मूळ इंग्रजीत आहे ना मॅम, मग असेलच. मी पाठवून दिलं. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं आणि मी स्वयंपाक करतानासुद्धा ते उलटंपालटं करून पाहायची. खरं असलं तर पोरगा वाचतो. नसलं तर?

पोराचा वाढदिवस आला. ताईनं मला जेवायला बोलावलं. पोरगा नसताना त्याच्या वाढदिवसाचं जेवण, पण पुरणपोळीला नाही म्हणायची माझी प्रकृती नाही. वाशीमहून बस धरली, मालेगावला बदलली, किन्हीराजा फाट्यावर उतरले, आणि उतरल्या उतरल्या वर पाहिलं.

फाट्यावर, चहाच्या टपरीच्या वर, एक प्रचंड फ्लेक्स लागला होता. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. मधोमध आमचा पोरगा, काळा गॉगल, हाताची घडी. डोक्यावर सोन्याचा मुकुट, तो अर्थात फ्लेक्सवाल्याचा. एका बाजूला डरकाळी फोडणारा वाघ. वर ठळक अक्षरांत ‘दर्याचा राजा’. खाली शुभेच्छुक म्हणून मित्रमंडळाचे पासपोर्ट साइज चेहरे, गावाच्या नावासकट. आणि पोराच्या पाठीमागे, पूर्ण रुंदीभर, जहाज. त्याच्या लोखंडी अंगावर पांढऱ्या रंगातलं नवं नाव, आणि नव्या नावाखाली जुन्या नावाची उठावदार अक्षरं, स्पष्ट, कुणालाही चालत्या बसमधून वाचता येतील अशी. टपरीवरची माणसं त्याखाली बसून चहा पीत होती.

ताई अंगणातच चुलीपाशी पोळ्या लाटत होती. मी पाणीसुद्धा घेतलं नाही.

“तो फोटो कुठून आला?”

“त्यानंच धाडला. कोनाले दाखवजो नको म्हने.”

“मग?”

“मंग मी कोनाले दाखवला? कोनालेच नाई दाखवला. फक्त फ्लेक्सवाल्याले देल्ला.”

मी म्हटलं, ताई, तो फ्लेक्स आत्ताच्या आत्ता उतरव. तिनं पोळपाटावरचा हात थांबवला. 

“काहून?”

“सांगता येत नाही. पण उतरव.”

“लोकायचे पोट्टे काई न करता टांगून घेतात फाट्यावर. माह्या पोट्ट्यानं एवढं केलं तं तुले काहून खुपून राह्यलं? वाढदिवसाच्या दिवशी पोराचा फोटो उतरवू? अपशकून करू?”

भाऊजी मधे पडले, म्हणाले, आधी जेवा. जेवलो. पुरणपोळीत मन नव्हतं, तरी दोन खाल्ल्या, कारण नाही खाल्ल्या असत्या तर ताई आयुष्यभर ऐकवत राहिली असती. मी काय सांगू शकत होते तिला? पोरगा परत यायचं म्हणून रडतोय, हे सांगायला त्यानंच मनाई केली होती. जहाज चोरून तेल नेतंय, हे सांगितलं असतं तर तिनं संध्याकाळपर्यंत अन्न सोडलं असतं.

परतताना मालेगावात उतरले आणि त्या फ्लेक्सवाल्याच्या दुकानात गेले. निदान फाइल तरी पुसून टाकायला सांगू, असा माझा भाबडा विचार. दुकानदार म्हातारपणाकडे झुकलेला, बोलायला गोड. कामाची तारीफ करायला कुणी बाई वाशीमहून आली, असंच त्याला वाटलं.

“मॅडम, फोटो बहुत डल होता. एका घंट्याचं काम होतं माहं. जुनं नाव रंगाखाली दबून गेलं होतं. अक्षरं लोखंडाची हायेत ना, वेल्डिंग केलेली, म्हनून जराशी दिसून राह्यली होती. मी उठवली. आपल्या तालुक्याच्या पोट्ट्याचं जहाज, त्याचं नाव नको का दिसाले?”

पडद्यावरचं चित्र मोठं करून त्यानं मला दाखवलं. खरंच सुरेख काम होतं. कप्तानानं पोराला दोरीला लटकवून जे नाव झाकून घेतलं होतं, ते या माणसानं मालेगावात बसून पुन्हा उजेडात आणलं होतं, आणि तेही पोराच्या कौतुकापोटी.  फाइल पुसा म्हटलं तर तो म्हणाला, पुसतो की, पण पोट्ट्यांनी तं कवाचेच मोबाइलवर टाकले फोटो.

मित्रमंडळानं फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढले होते आणि इन्स्टाग्रामवर टाकले होते. सोबत जहाजाची दोन्ही नावं, इंग्रजीत, न चुकता. बसमध्ये बसून मी ते पाहत होते. कुणी नुसतं जुनं नाव शोधलं, तरी पोराच्या चेहऱ्यासकट जहाज सापडलं असतं.

पुढचे काही दिवस मी फक्त वाट पाहत होते, कसली ते कळत नव्हतं. मेल वाजला की दचकायची. नवऱ्यावर विनाकारण खेकसायची. दूध दोनदा उतू जाऊ दिलं.

आणि एका सकाळी तो मेल आला. समन्वयिकेचा. लिहिलं होतं, मॅम, तातडीचं आहे, लहानसंच काम, सोबतच्या चित्रातला मराठी मजकूर इंग्रजीत हवाय, नावं, गाव, तारीख, सगळं. बंदरावरच्या पथकाला जुन्या नावावरून शोधताना हे मिळालंय.

चित्र उघडलं. मुकुट, वाघ, गॉगल. आमच्या पोराच्या चेहऱ्याभोवती कुणीतरी लाल रंगाचा चौकोन काढला होता.

मी तो चौकोन पाहिला आणि उठून गॅस बंद करून आले. गॅस चालू नव्हताच.

त्यांच्या यादीवर मराठी जाणणारी मी एकटी. म्हणजे हे दुसऱ्या कुणाकडे जाणारच नव्हतं. मजकूर वाचता येत नाही, एवढं लिहून पाठवता आलं असतं. गावाचं नाव गाळता आलं असतं. कोण तपासणार होतं? मी पोराच्या त्या अनोळखी नंबरावर फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. ताईला लावला आणि तिनं उचलायच्या आत कापला.

मी लिहिलं नाही तर जहाज सुटेल, आणि पोरगा त्यावरच राहील, धूर सोडणाऱ्या इंजिनासोबत आणि बिनइंजिनाच्या बोटीसोबत. मी लिहिलं तर जहाज सापडेल, आणि पोरगा त्यावर सापडेल, चेहऱ्याभोवती लाल चौकोन घेऊन. घरी येण्याचा रस्ता यातल्या एकातूनच जात होता, आणि तो रस्ता साक्षीदाराच्या ज्या वाक्यावरून जात होता ते मराठीत मी आणलं होतं, खरं की खोटं हे न कळता.

मी समन्वयिकेला फोन केला.

“मॅम, मिळालं ना चित्र? फार चांगलं झालं, ओळख पक्की होईल आता.”

“तो माझ्या बहिणीचा मुलगा आहे.”

तिकडे कुणीतरी कीबोर्ड बडवत होतं, तेवढं ऐकू येत राहिलं.

“सॉरी मॅम,” ती म्हणाली, आणि मग तिच्या आवाजातली घाई गेली. “मग नियमानं मी हे काम तुमच्याकडून काढून घ्यायला हवं.”

“घे. दुसरं मराठी कोण आहे तुझ्याकडे?”

“नाही कोणी.”

“मग ऐक. जहाज पकडलंत तर पोराचं काय कराल?”

“ते आमच्या हातात नाही, मॅम. ते तिथल्या बंदरावरचे लोक ठरवतील. आमच्या अनुदानात फक्त…”

“अनुदानात काय आहे ते मला पाठ आहे,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “संगणक आहेत, वकील आहेत, जेवणं आहेत. पोरं नाहीत. पोराला आरोपी करायचं की साक्षीदार, हे कोण ठरवणार ते तुला माहीत नाही, मला माहीत नाही, आणि मी मात्र ते मराठीत छापून देऊन बसले आहे.”

ती रडायला लागली असं मला वाटलं, किंवा सर्दी असेल. म्हणाली, मॅम, भाषांतरकाराला टीप लिहायची मुभा असते. टीप मजकुरासोबतच पुढे जाते, ती कुणी काढत नाही. मी काढू देणार नाही.

मी सगळं लिहिलं. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. दर्याचा राजा, ज्याचं इंग्रजीत भलतंच हास्यास्पद झालं. शुभेच्छुकांची नावं, गाव, तालुका, जिल्हा. काही गाळलं नाही. आणि खाली टीप घातली. हा मुलगा या जहाजावर स्वतःच्या इच्छेविरुद्ध आहे, त्याचा पासपोर्ट कप्तानानं काढून घेतला आहे, जीवरक्षक बोटीला इंजिन नाही, आणि त्याला घरी यायचं आहे. जे घडलंय ते तो सांगेल. त्याला साक्षीदार म्हणूनच वागवावं, तुमच्याच पुस्तिकेत तसं म्हटलं आहे. आणि पाठवायचं बटण दाबलं.

नंतर काहीच झालं नाही. हेच सगळ्यात वाईट होतं. समन्वयिकेला विचारलं तर म्हणायची, गोपनीय आहे मॅम, मलाही सांगत नाहीत. ताईचे फोन नेहमीसारखे यायचे. फोन लागत नाही म्हने, नेटवर्क नसन. गावात सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, सुरू झाली. मी आयुष्यात कधी नव्हे ते देवासमोर बसायला लागले, आणि काय मागायचं तेच ठरेना. जहाज सापडू दे म्हणावं की नको सापडू दे?

मग एक दिवस ताई धापा टाकत बोलली. “अव, थांबलं त्याचं जहाज! रोज फोन लावू देतात आता. किनारा दिसते म्हने त्याले. कोन थांबवलं कोनास ठाऊक, पन देवमानूस असन बापा.”

मी म्हटलं, असेल.

पोरानं मला खरं ते सांगितलं. बोटीतून लोक आले, त्यांनी झेंडा उतरवला. पासपोर्ट कप्तानाकडून काढले आणि आपल्याकडे ठेवले. जहाजाला आता कुठलाच देश नाही, म्हणून त्यावरच्या कुणाला किनाऱ्यावर उतरता येत नाही. “आमी आता कोनाचेच नाई म्हने, मावशी,” तो म्हणाला, आणि त्याला ते गमतीचं वाटावं असा प्रयत्न करत हसला. खायला येतं, पण पाणी मोजून. किती दिवस, कुणी सांगत नाही.

त्याच आठवड्यात समन्वयिकेनं मला एक ओळ पाठवली, अहवालासाठी. अनुदानाच्या साहाय्यानं पहिलं जहाज यशस्वीरीत्या अडवण्यात आलं. मी ती मराठीत केली. यशस्वीरीत्या हा शब्द मला लिहिताना अडला, पण तो मूळ इंग्रजीत होता. खाली तिनं स्वतःहून लिहिलं होतं, मॅम, परतीच्या खर्चाचं मी रोज विचारते आहे. तिचा मला राग येत नाही. राग यायला माणूस सापडत नाही हेच खरं.

परवा किन्हीराजाला गेले होते. खळ्यावर सोयाबीनची गंजी लागली होती आणि आभाळ भरून आलं होतं. थेंब पडायला लागले तशी सगळी पळापळ. ताडपत्री अपुरी पडली. ताई घरात धावली आणि घडी घातलेला तो फ्लेक्स घेऊन आली. फाट्यावरून मित्रमंडळानंच उतरवून तिला आणून दिला होता, पुढच्या पोट्ट्याच्या वाढदिवसाला जागा हवी म्हणून. आम्ही दोघींनी तो गंजीवर पसरला. मुकुट आणि वाघ वर आले. ताईनं पाहिलं, पुन्हा सगळा उचलला आणि पालथा घातला, छापील बाजू आत.

“काय झालं?” मी विचारलं.

“त्याच्या तोंडावर पानी नको,” ती म्हणाली, आणि कडांवर दगड ठेवायला लागली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पोरगा होता. मी जरा बाजूला, गोठ्याच्या आडोशाला गेले.

“मावशी, उद्या सायेब लोक येऊन राह्यले. एकेकाले वेगळं बसवून इचारनार म्हने. कप्तान म्हनते, जो तोंड उघडन थो जेलात जाईन. बाकी पोट्टे म्हनतात, काई बोलू नको. मी काय करू?”

पावसाचा जोर वाढला होता. गंजीपलीकडे ताई वाकून दगड सरकवत होती.

“खरं सांग,” मी म्हटलं. “नावं बदलली ते सांग, पासपोर्ट काढून घेतले ते सांग. समदं सांग. तू आरोपी नाई. तू साक्षीदार हाय.”

“कोन म्हनते असं?”

“पुस्तकात लिहिलं हाय.”

“कोनत्या पुस्तकात? कोन लिहिलं?”

 खरं तर इंग्रजीत ते कुणी लिहिलं हे मला आजही माहीत नाही.

“मी,” मी म्हटलं.

“तू?” त्याचा आवाज एकदम सैल झाला, लहानपणी पडल्यावर उचलून घेतलं की व्हायचा तसा. “अरे मंग काय. तू लिहिलं तं खरंच असन. उद्या समदं सांगून टाकतो मी.”

आणि त्यानं फोन ठेवला.